गोदाकाठचा वेताळ

जून महिन्यात लातूरच्या किंवा नांदेडच्या एस. टी. स्थानकावर घटकाभर उभे राहिले की एक देखावा हटकून दिसतो. अहमदपूरकडून, कंधारकडून, देगलूर-मुखेडकडून गाड्या येतात. पुढे बाप, त्याच्या खांद्यावर गादीची वळकटी. मागे पंधरा-सोळा वर्षांचे पोर, एका हातात बादली आणि पाठीवर फुगलेले दप्तर. पोर शिकवणीसाठी आलेले असते. त्याला डॉक्टर व्हायचे असते. निदान घरच्यांनी तसे ठरविलेले असते. ‘लातूर पॅटर्न’चे नाव आता साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्याची निंदा करायला मी आज आलेलो नाही. कोरडवाहू मुलखातल्या पुष्कळ पोरांना त्याने चार घास सुखाचे मिळवून दिले, हे मी माझ्या वर्गात डोळ्यांनी पाहिले आहे.

पण त्या दप्तरात डोकावून पाहा. सगळी प्रश्नसंचांची पुस्तके. एक प्रश्न, खाली चार उत्तरे, त्यातल्या एकावर खूण करायची आणि पुढे पळायचे. दोन वर्षे पोराच्या डोळ्यांखालून दुसरे अक्षर जात नाही. मला आज एवढेच सांगावयाचे आहे की, त्या दप्तरात आणखी एक पुस्तक असू द्यावे. ते पुस्तक म्हणजे वेताळपंचविशी. विक्रम आणि वेताळ!

“अहो सर, भुताखेतांच्या गोष्टी वाचून कुठे मार्क मिळतात काय?” असे पालक मला म्हणतात. म्हणणे रास्त आहे. मार्क मिळत नाहीत. म्हणून मी इतिहासाचा माणूस या नात्याने आधी इतिहासच सांगतो. मग पाहा, ही गोष्ट कोणाच्या घरची आहे ते.

आपण सगळे लहानपणापासून समजतो की विक्रम हा उज्जैनचा राजा. मीही तसेच समजत होतो. पुढे शिकत असताना सोमदेवाचा ‘कथासरित्सागर’ हाती आला. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये रचलेला हा ग्रंथ. त्यात वेताळाच्या गोष्टींना आरंभ होतो तिथेच सोमदेव सांगून टाकतो की गोदावरीच्या तीरावर प्रतिष्ठान नावाचे ठिकाण आहे, आणि तिथे विक्रमसेनाचा पुत्र त्रिविक्रमसेन राज्य करीत होता. प्रतिष्ठान म्हणजे आपले पैठण! मी ते वाक्य दोनदा वाचले. ज्या नदीवर आम्ही पोहायला शिकलो तिच्याच वरच्या अंगाला हा राजा मसणात मढे खांद्यावर घेऊन चालत होता, आणि हे मला कोणी सांगितले नव्हते. लातूरकरांनी मागे राहू नये. त्यांची मांजराही अखेर गोदावरीलाच मिळते.

आता या ग्रंथाच्या मुळाची हकीकत ऐका. सोमदेवाने आपल्या कथा एका जुन्या ग्रंथावरून घेतल्या. त्याचे नाव ‘बृहत्कथा’, कर्ता गुणाढ्य. हा गुणाढ्यही आपल्याच प्रतिष्ठान देशातला, सातवाहन राजाचा मंत्री. तो ग्रंथ आज मिळत नाही. तो का मिळत नाही, याची दंतकथा सोमदेव देतो.

राजा एकदा राण्यांसह जलक्रीडा करीत होता. अंगावर पाणी उडाले तेव्हा एक राणी संस्कृतात म्हणाली, “मोदकैः”. म्हणजे ‘मा उदकैः’, पाणी नको. राजाला संस्कृत येत नव्हते. त्याने तत्काळ मोदकांची ताटे मागविली. राणी हसली. राजा लाजेने अंथरुणाला खिळला. मला संस्कृत यायलाच पाहिजे, असा त्याने हट्ट धरला. गुणाढ्य म्हणाला, व्याकरणाला लोकांना बारा वर्षे लागतात, मी सहा वर्षांत शिकवितो. तेवढ्यात शर्ववर्मा नावाचा दुसरा मंत्री पुढे झाला. तो म्हणाला, मी सहा महिन्यांत शिकवितो!

श्रोतेहो, आपल्याकडच्या भिंतींवर असल्या पाट्या आपण रोज वाचतो. शर्ववर्म्याने सोपे व्याकरण करून पैज जिंकली. ‘कातंत्र’ नावाचे ते व्याकरण खरोखरच आहे आणि चांगले आहे. सहा महिन्यांत शिकविणारा प्रत्येक जण लबाड असतो असे नाही. पण गुणाढ्य पैज हरला. बोलल्याप्रमाणे त्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडल्या आणि तो मुका होऊन विंध्याच्या रानात गेला. तिथे तो पैशाची भाषा शिकला आणि सात वर्षांत सात लक्ष श्लोकांची कथा लिहिली. शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने लिहिली. शिष्यांनी ती राजाकडे नेली. राजाला आता संस्कृत येत होते ना! त्याने नाक मुरडले. भाषा रानटी, अक्षरे रक्ताची. घेऊन जा म्हणाला.

मग गुणाढ्याने एका टेकडीवर अग्नी पेटविला. एकेक पान मोठ्याने वाचायचा आणि आगीत टाकायचा. रानातली हरणे, डुकरे, पाखरे भोवती गोळा झाली. ती चरायची थांबली आणि डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिली. इकडे राजवाड्यात राजाची प्रकृती बिघडली. वैद्य म्हणाले, मांस कोरडे येते म्हणून. आचाऱ्याने पारध्यांना विचारले, पारध्यांनी खरी गोष्ट सांगितली. राजा धावत रानात गेला, तोवर सहा लक्ष श्लोक जळाले होते. एक लक्ष उरले तेवढे तो घेऊन आला.

ही दंतकथा आहे, इतिहास नव्हे. हे मी माझ्या विद्यार्थ्यांना बजावून सांगतो. पण दंतकथेतही धागे असतात. सातवाहनांचे शिलालेख पाहा. नाणेघाटातला नागनिकेचा प्रसिद्ध लेख प्राकृतात आहे. ज्या राजवंशाने कारभार प्राकृतात केला, त्यातल्या एका राजाला संस्कृत येत नव्हते ही आठवण अगदीच हवेतून आलेली नसावी. दंडी आणि बाण यांसारख्या मोठ्या संस्कृत लेखकांनी बृहत्कथेचा गौरवाने उल्लेख केला आहे, म्हणजे सातव्या शतकापर्यंत ती जाणत्यांच्या तोंडी होती हे नक्की. पैशाची ही एक प्राकृत बोली. ती कोणत्या मुलखातली यावर विद्वानांचे एकमत नाही. आणखी एक सांगितले पाहिजे. वेताळाच्या गोष्टी काश्मिरातल्या दोन्ही ग्रंथांत, म्हणजे सोमदेवाच्या आणि क्षेमेंद्राच्या, आहेत. पण नेपाळात सापडलेल्या बुधस्वामीच्या ग्रंथात नाहीत. तो ग्रंथ अपुरा आहे हे खरे. तरीही या गोष्टी मूळ बृहत्कथेत नसून मागाहून आल्या असाव्यात, असे बऱ्याच अभ्यासकांना वाटते. असेनात का. ज्याने त्या आणल्या त्यालाही राजा बसवायला गोदावरीचाच काठ सुचला.

मला त्या दंतकथेतले दुःख मोठे वाटते ते भाषेपायी. आपल्या पोरांना हे दुःख ठाऊक आहे. “काय करूलालास?” असे बोलणारे पोर पुण्याला शिकायला गेले की पहिल्याच आठवड्यात तोंड मिटून बसते. त्याच्या बोलीला लोक हसतात. आपल्यातलेच काही शिक्षक वर्गात ती बोली ऐकून “नीट बोल” म्हणतात; मीही म्हटले आहे. राजाने जी पोथी ‘रानटी भाषेत आहे’ म्हणून परत पाठविली तिच्यासाठी पुढे काश्मीरच्या कवींनी लेखण्या झिजविल्या, हे त्या पोराला समजले तर ते तोंड उघडील असे मला वाटते.

आता पुस्तकाकडे वळू. क्षान्तिशील नावाचा एक भिक्षू दहा वर्षे रोज राजाला एक फळ आणून देतो. राजा ते न पाहताच खजिनदाराकडे देतो, खजिनदार कोठाराच्या खिडकीतून आत फेकतो. एक दिवस फळ माकडाच्या हाती लागते. ते फोडते तर आत रत्न! कोठार उघडून पाहतात तो फळे कुजून गेलेली आणि रत्नांचा ढीग पडलेला. राजा विचारतो, काय पाहिजे? भिक्षू म्हणतो, कृष्ण चतुर्दशीच्या रात्री मसणात ये आणि शिसवीच्या झाडाला टांगलेले प्रेत मला आणून दे. प्रेतात वेताळ शिरलेला असतो. वाट सरावी म्हणून तो गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. अट मोठी विलक्षण आहे. उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोक्याची शंभर शकले होतील. आणि बोललास तर मी पुन्हा झाडाला जाऊन लोंबकळेन.

अट नीट पाहा. उत्तर चुकले तर शिक्षा नाही. शिक्षा आहे ती ठाऊक असून न बोलण्याला. आमच्या वर्गात नेमके उलट चालते.

आणि प्रश्न तरी कसले? मंदारवती नावाची मुलगी मरते. तिला मागणी घातलेले तीन तरुण. एक तिच्या चितेच्या राखेवरच झोपू लागतो. दुसरा तिच्या अस्थी गंगेला नेतो. तिसरा भटकत जातो आणि मेलेल्याला उठविण्याचा मंत्र मिळवून येतो. मुलगी जिवंत होते. मग ती कोणाची बायको? आपण चटकन म्हणू, मंत्रवाल्याची. राजा म्हणतो, ज्याने जीव दिला तो बाप झाला; अस्थी नेल्या त्याने मुलाचे काम केले; राखेला कवटाळून निजला तोच नवरा. चार पर्यायांत हे बसवून दाखवा!

दुसरी गोष्ट, धडांची आणि मस्तकांची. नवरा आणि भाऊ या दोघांची मुंडकी बाईच्या हातून चुकून एकमेकांच्या धडावर बसतात आणि दोघे जिवंत होतात. आता नवरा कोण? राजा म्हणतो, मस्तक सर्व अवयवांत श्रेष्ठ, म्हणून मस्तक नवऱ्याचे असेल तो. थॉमस मान या जर्मन लेखकाला या उत्तराने स्वस्थ बसू दिले नाही. त्याने १९४० मध्ये या कथेच्या एका रूपावरून छोटी कादंबरी लिहिली. पुढे गिरीश कार्नाडांनी ‘हयवदन’ नाटक रचले. गोदावरीकाठच्या वेताळाला उत्तर देणे अजून चालूच आहे म्हणायचे.

सगळ्याच गोष्टी मुलांच्या हाती द्याव्यात असे मात्र मी म्हणणार नाही. काही फार रक्तरंजित आहेत, काहींत जातीचा ताठा आहे. पोपट आणि मैना भांडतात, पुरुष वाईट की स्त्रिया. तिथे राजा बायकांना दोष देऊन मोकळा होतो. मला ते उत्तर पटत नाही. वर्गातल्या मुलींनाही पटणार नाही आणि पटू नये. पण तेही वाचावे, कारण राजाशी भांडण करण्याची मुभा या पुस्तकात आहे. पंचतंत्र तात्पर्य सांगते. वेताळ प्रश्न विचारतो आणि राजाचे उत्तर ऐकताच निघून जातो. बरोबर म्हणून पाठ थोपटायलाही थांबत नाही.

हा वेताळ किती हिंडला! तिबेटात आणि मंगोलियात गेला, तिथेही मढे खांद्यावर घेऊन गोष्ट ऐकणारा नायक आहे. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी १८४७ मध्ये तो बंगालीत आणला, तो फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवायला. १८७० मध्ये रिचर्ड बर्टनने इंग्रजीत नेला. मराठी गद्य नुकते पायावर उभे राहत होते तेव्हा बापू छत्र्यांनी इसापनीतीबरोबर वेताळपंचविशीही मराठीत लिहिली. त्या काळी आपला भाग निजामाच्या राज्यात. पुढे शाळा आल्या तरी १९४८ पर्यंत वरचे शिक्षण मुख्यतः उर्दूतून होई. मराठी पुस्तक मुंबई-पुण्याहून यायचे, तेही क्वचित. ज्या मुलखातली गोष्ट त्याच मुलखाला ती छापील स्वरूपात शेवटी मिळाली. तोवर शिवेवरचा शेंदूर फासलेला वेताळबाबा आणि आजीचे तोंड, एवढेच काय ते साधन.

मग आला ‘चांदोबा’. मद्रासला नागिरेड्डी आणि चक्रपाणी यांनी १९४७ मध्ये तेलुगू-तमिळमध्ये सुरू केलेले हे मासिक १९५२ पासून मराठीत निघू लागले. माझे वय आज चाळीशीच्या पुढे आहे. माझ्या पिढीने विक्रम-वेताळ वाचला तो चांदोबातच. बापू बाजारला गेला की एस. टी. स्थानकावरच्या दुकानातून चांदोबा आणायचा, आणि तो आमच्या आळीत सात घरे फिरून मिशा काढलेला, कोपरे दुमडलेला परत यायचा. शंकर या चित्रकाराने काढलेला तो राजा, एका हातात तलवार, खांद्यावर पांढरे मढे, मागे कवट्या, अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. मुळातल्या गोष्टी संपल्यावर त्या लेखकांनी नव्या रचल्या, शेकड्यांनी रचल्या. वेताळ महिन्याच्या महिन्याला झाडाला लटकत राहिला. शंकर २०२० मध्ये वारले. मासिक त्याआधीच, २०१३ च्या सुमारास, बंद पडले. आता आमच्या स्थानकावरच्या त्या दुकानात पाण्याच्या बाटल्या आणि प्रश्नसंच मिळतात.

मागे लोहा तालुक्यातल्या एका शाळेत आठवीच्या वर्गापुढे मी सिंहाची गोष्ट वाचली. चार भाऊ विद्या शिकून येतात. रानात एक हाड सापडते. पहिला त्यावर मांस चढवितो, दुसरा कातडे आणि केस, तिसरा बाकीचे अवयव, चौथा जीव घालतो. तो निघतो सिंह, चौघांनाही खातो. दोष कोणाचा? इथे मी पुस्तक मिटले. वेताळाचे राज्य इथूनच सुरू होते, हे शिक्षक बंधुभगिनींनी ध्यानात ठेवावे. राजाचे उत्तर लगेच वाचून दाखवू नये. राजाच्या मते चौथा दोषी. बाकीच्यांना प्राणी कोणता ते कळले नव्हते, चौथ्याला सिंह समोर दिसत होता. पण मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “पहिल्याचाच दोष. आमच्या रानात नुसता पाय उमटलेला बघून डुक्कर हाय का कोल्हा हाय ते कळतंय. ह्याला हाड बघून कळंना, मग कसली विद्या शिकला?” एक जण म्हणाला, “गुरूचा दोष. चौघाला चार तुकडे शिकवले, एकाला बी पुरं नाही.” घंटा झाली तरी वर्ग उठेना. मी इतकी वर्षे शिकवितो आहे, पण त्या गोष्टीचा असा अर्थ मला सुचला नव्हता.

हाच प्रश्न मला पूर्वी एकदा घरात विचारला गेला होता. माझा पुतण्या अकरावी-बारावीला नांदेडला आमच्याकडे होता. एका रात्री अकरा वाजता त्याच्या खोलीत दिवा दिसला. पाहतो तो प्रश्नसंचाच्या आत वेताळपंचविशी. “काका,” तो म्हणाला, “सिंहात जीव घालणाराच दोषी कसा?” मी म्हणालो, “हे परीक्षेत येत नाही.” पुस्तक घेऊन माळ्यावर टाकले. परीक्षा झाली की देतो, म्हणालो. मला उत्तर ठाऊक होते, वेळही होता. परीक्षा झाली, निकाल लागला, पोर पुढे शिकायला गेले. पुस्तक त्याने परत मागितले नाही. त्याने मागितले असते तर बरे वाटले असते.

गेल्या दिवाळीत तो आला तेव्हा मी शिडी लावून पुस्तक खाली काढले. एक कोपरा उंदरांनी खाल्ला होता. त्याने ते चाळले आणि थेट शेवटची गोष्ट काढली. एक राजा आणि त्याचा मुलगा रानातून चालले आहेत. त्यांना दोन बायकांच्या पावलांचे ठसे दिसतात, एक मोठे, एक लहान. ठरते असे की मोठ्या पावलांची ती बापाची, लहान पावलांची ती मुलाची. पुढे कळते की त्या दोघी मायलेकी, आणि मोठी पावले लेकीची! शब्द दिला म्हणून लग्ने तशीच लागतात. आता बापलेकांना मुले झाली तर त्यांचे एकमेकांशी नाते काय? या प्रश्नाला मात्र राजाकडे उत्तर नाही. तो गप्प राहतो, आणि त्या गप्प राहण्यावर खूष होऊन वेताळ त्याला भिक्षूचा कपटी बेत सांगतो.

“काका, राजाला खरंच आलं नाही का हे?” पुतण्याने विचारले. मी कागद मागविला. आम्ही दोघे खाली बसलो आणि नाती मांडू लागलो. हा त्याचा काका, हा त्याचाच नातू, मग ती ह्याची आत्या की मावशी? आतून दोनदा जेवायला हाक आली. ताटे वाढून झाली होती, तरी आमचे जुळत नव्हते.